पिवळी, पांढरी, लाल

आईला माझ्या मुंजीची सीडी बघायची होती. मागणी एवढीच.

मुंज मे 2002 मधली. म्हणजे ती व्हीसीडी, आणि तीही दोन भागांत. माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर काढला, पुसला, तो चक्क सुरू झाला. त्याच्या, एव्ही म्हणतात त्या, तीन वायरी होत्या : पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. नवा टीव्ही भिंतीला चिकटलेला. त्याच्या पाठीमागे हात घालणं हे सुईणीचं काम; दिसत काहीच नाही, नुसतं चाचपायचं. हाताला तीन एचडीएमआय आणि एक यूएसबी लागलं. गोल भोक एकही नाही.

मग 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली पिशवी पलंगावर उपडी केली. निळ्या डोक्याची, दोन स्क्रूवाली, 15 पिनांची व्हीजीए वायर निघाली, 1987 सालच्या घराण्यातली. एक ऑप्टिकल वायर निघाली, जिच्यातून आवाज लाल उजेड होऊन पळतो. हवं ते सोडून सगळं निघालं.

पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली गाठली, जुन्या वायरी नव्या टीव्हीला जोडणारी डबी मागितली. दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "एव्ही टू एचडीएमआय, का एचडीएमआय टू एव्ही?"

इथे 'थांबा, घरी विचारतो' म्हणायला हवं होतं. पण मागे चार जण उभे होते. मी ठणकावून दुसरं सांगितलं.

घरी येऊन जोडलं. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये, एचडीएमआय एचडीएमआयमध्ये. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले आणि टीव्हीवर अक्षरं आली : 'नो सिग्नल'. तासाभरानं डबीवर 'इनपुट' आणि 'आउटपुट' दिसलं, मुंगीच्या अक्षरात. दोन्ही डब्या सारख्याच दिसतात, तेवढ्याच मापाच्या. फक्त एक उलट्या दिशेनं चालते. जुन्या वायरीतलं चित्र ॲनालॉग, म्हणजे सलग लहरीचं; टीव्हीला हवे आकडे, म्हणजे डिजिटल. माझी डबी आकड्यांचं ॲनालॉग करण्यात पटाईत होती.

"पाकीट फोडलंय," दुकानदार म्हणाला. दुसरीचेही पैसे मोजले.

गंमत म्हणजे एचडीएमआयची पहिली आवृत्तीही 2002 चीच, डिसेंबरमधली. सात कंपन्यांनी मिळून काढलेली. म्हणजे माझी मुंज आणि ती एकाच वर्षातल्या. तिचं पुढे 1.4 झालं, 2013 मध्ये 2.0, 2017 मध्ये सेकंदाला 48 गिगाबिट वाहणारं 2.1, आणि एवढं होऊनही टोक तेच, 19 पिनांचं. बाहेरून बघून आत कुठली आवृत्ती आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. (माझं जानवं त्या मानानं एकाच आवृत्तीत राहिलं. कपाटात.)

दुसरी डबी जोडली. तिलाही वेगळी वीज लागते, म्हणून यूएसबीची शेपटी टीव्हीतच खोचली. आणि चित्र आलं! व्हीसीडीचे 352 बाय 288 ठिपके फोर-केच्या पडद्यावर, म्हणजे एकेका ठिपक्याला सुमारे 82 ठिपक्यांची जागा. शिवाय जुनं चौकोनी चित्र आडवं ताणलेलं. अख्खं घराणं गुबगुबीत. बटू म्हणजे टक्कल केलेला लाडू.

"हा तू," आईनं बरोबर ओळखलं. भिक्षावळ सुरू झाली. "आणि ह्या वन्सं. पैठणी बघ." मला चार जांभळे चौकोन दिसत होते. त्यातला वरचा सारखा उघडमीट करत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं. पांढरी आणि लाल निसटली असणार. मी पुन्हा टीव्हीमागे हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली. "वन्सं अशाच बऱ्या वाटतायत."