आधी खोली की आधी ओटीपी?

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या अमृततुल्यापुढचा कट्टा. विषय निघाला तो रात्रनिवाऱ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईचा. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पदरात दोन पोरं. तिने सुरुवात कुठून करायची?

"खोली," विलास म्हणाला. "डोक्यावर छप्पर नसेल तर बाकी सगळं हवेत."

"आणि डिपॉझिट तुझा काका भरणार?" सुनंदाताईंनी तिथेच पकडला. "साडेचार हजारांच्या खोलीला वीस-पंचवीस हजार मागतात. आधी मोबाइल नंबर. तिचा स्वतःचा, आणि तोच आधारला."

विलास हसला, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आधारला बहुतेक वेळा नवऱ्याचा नंबर असतो आणि प्रत्येक ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. नंबर बदलायला केंद्रावर कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात.

"ठशातच तर अडतं," अन्वर म्हणाला. "चार घरची भांडी घासून बोटांच्या रेघा झिजलेल्या. मशीन दोन-तीनदा नकार देतं, मग ऑपरेटर 'उद्या या' म्हणतो. उद्या म्हणजे आणखी एक खाडा. तिथेच बुबुळं स्कॅन करा म्हणायचं. ते यंत्र त्याच टेबलावर असतं."

पत्त्याचं काय? मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक किंवा नगरसेवक आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतात. तो तीन महिनेच चालतो. साध्या लेटरहेडवर लिहून आणलं की परत पाठवतात.

"आणि बँक," सुनंदाताई थांबेनात. "नवं खातं काढलं म्हणजे अनुदान तिथेच येईल असं नाही. आधारला शेवटचं जे खातं जोडलंय त्यात पैसे पडतात. ते नवऱ्याबरोबरचं जॉइंट निघालं तर? आधार सीडिंगचा, म्हणजे नवं खातं आधारला जोडायचा, फॉर्म वेगळा भरायचा नि पोच घ्यायची."

प्रज्ञा इतका वेळ गप्प होती. "पण तिनेच का बाहेर राहायचं? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९खाली राहत्या घरात राहू देण्याचा आदेश मिळतो, नाहीतर दुसऱ्या घराचं भाडं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला फुकट, उत्पन्न कितीही असो."

"मिळतो, पण तारखांवर तारखा," सुनंदाताई म्हणाल्या. "मूळ अर्जासोबतच कलम २३चा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज द्यायचा. तो मागे राहिला की वर्ष गेलंच." यावर प्रज्ञालाही मान डोलवावी लागली.

विषय खोलीवर परत आला तेव्हा विलासला जरा जोर चढला. अकरा महिन्यांचा करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये, मुद्रांक पाव टक्का. वस्तीतला मालक साध्या कागदावर सही घेतो. तो कागद पत्त्याचा पुरावा म्हणून कुठेच चालत नाही, म्हणजे रेशनकार्ड पुन्हा लटकलं. त्यात जुन्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय नवं होतच नाही.

"पोरांसाठीच्या बालसंगोपन योजनेचं काय?" अन्वरने विचारलं. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, आदेश बालकल्याण समितीचा. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईकडे ना घटस्फोट, ना कागद. आमच्या मते या योजनेत सगळ्यात जास्त फरफट तिचीच होते. शाळेचं मात्र सोपं आहे: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवायचं.

चहा संपता संपता गॅसवरून जुंपली. पाच किलोचं छोटं सिलिंडर एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळतं, पत्ता लागत नाही. सबसिडी नाही. विलास म्हणाला, कोपऱ्यावरचा दुकानदार किलोकिलोने भरून देतो, तेवढंच परवडतं.

"आणि व्हॉल्व्ह गळायला लागला की?" सुनंदाताई उठल्याच. "दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, शेगडीशेजारी पोरं झोपलेली. एजन्सीचंच घ्यायचं. आणि रात्री रेग्युलेटर बंद."