लायकी, गरज आणि पार्किंगच्या नऊ जागा

आमच्या सोसायटीत २२ फ्लॅट आहेत आणि गाड्या लावायला ९ जागा. एवढं सांगितलं की पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पण बाहेरगावचेही वाचक असतात, म्हणून सांगतो.

वार्षिक सभा गच्चीवर भरते. तिथे माणसांना नावं नसतात, फ्लॅट नंबर असतात. विषयपत्रिकेवरचे पहिले सहा विषय दहा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' करून उरकतात, कारण सातवा विषय पार्किंगचा असतो आणि सगळे त्यासाठीच दम राखून बसलेले असतात.

१०१ उठले. "बिल्डरने ताबा दिला तेव्हा लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता. आम्ही बादल्यांनी पाणी चढवलंय." (पहिल्या मजल्यापर्यंतच, पण चढवलं.) "आता जरा चार दिवस सुखाचे आले, तर म्हणे सगळे सारखे?" त्यावर ३०१ म्हणाले, कष्टाचं राहू द्या, मेंटेनन्स तारखेच्या आत कोण भरतं ते बघा. २०४ चे आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि गच्चीवरच्या ट्यूबलाइटसमोर धरला. सभा गप्प. मागून एक वहिनी हळूच म्हणाल्या, "हा गेल्या वर्षीचाच आहे."

आता बघा, जोएल फाइनबर्ग नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६३ साली याच भानगडीवर निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं असं की अमुक माणूस अमुक गोष्टीला लायक आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, कशामुळे लायक ते सांगावं लागतं, आणि ते कारण त्या माणसातच असावं लागतं. बादल्या हे असं कारण झालं. वेळेवर भरलेला चेकही झाला. गुडघा मात्र लायकीत बसत नाही, तो गरजेत जातो. एमएला तत्त्वज्ञान घेतल्याचा आयुष्यात प्रथमच उपयोग होतोय, असं वाटून मी हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं लिकेजचं असेल तर शेवटी घेऊ."

तेवढ्यात ४०२ उभे राहिले. यांची गाडी गेटमधून आत येताना वॉचमन पोट आत घेतो. "एवढी महागाची गाडी उन्हात लावायची का?" त्यांचा रोकडा सवाल. याचं उत्तर ॲरिस्टॉटलने देऊन ठेवलंय. चांगल्या बासऱ्या कुणाला द्याव्यात? घराणं मोठं असेल त्याला नाही, दिसायला देखणा असेल त्यालाही नाही. जो उत्तम वाजवतो त्याला. म्हणजे पार्किंग द्यायचं तर जो उत्तम पार्क करतो त्याला. या हिशेबाने पहिली जागा ३०३ च्या मॅडमना जाते, एका झटक्यात रिव्हर्स घेतात. आणि ४०२ ना बहुधा आयुष्यभर नाही. आमच्या प्रत्येक खांबावर त्यांच्या गाडीचा रंग आहे.

४०२ नी मग ठेवणीतलं अस्त्र काढलं: "मी जागा बिल्डरकडून विकत घेतलीय." ही रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाची बाजू. १९७४ साली त्याने मांडलं की कुणाकडे किती आहे ते बघू नका, ते त्याच्याकडे सरळ मार्गाने आलं का तेवढं बघा. फक्त इथे पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. स्टिल्टखालचं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय. "पावती आहे?" खजिनदारांनी विचारलं. ४०२ आकाशाकडे बघायला लागले.

मला बोलायला मिळालं तेव्हा मी नोझिकच्याच विभागातला, हार्वर्डचा जॉन रॉल्स काढला. १९७१ चा ग्रंथ, त्यातला 'अज्ञानाचा पडदा'. म्हटलं, क्षणभर असं धरा की आपला फ्लॅट कुठला, आपल्याकडे गाडी आहे की नाही, गुडघे कसे आहेत, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही. आता नियम ठरवा.

"माहीत नाही कसं?" १०१ भडकले. "रजिस्ट्रेशन झालंय. स्टॅम्प ड्युटी भरलीय!"

रॉल्सचा पडदा तिथेच फाटला. कष्टाळू स्वभावसुद्धा बराचसा घरच्या वळणावर आणि नशिबावर असतो, त्याचंही श्रेय घेऊ नये, हे त्याचं पुढचं म्हणणं मी १०१ पुढे मांडलं नाही. मला त्याच इमारतीत राहायचंय.

मग १०३ नी पाणी पंचायतीचा दाखला दिला. ते मूळचे पुरंदरचे. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. ऐकून खरंच बरं वाटलं. एवढा सरळ विचार आमच्या गच्चीवर आजवर कुणी बोललं नव्हतं. "आपल्याकडचा ऊस म्हणजे ती ४०२ ची गाडी," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं की १०३ च्या घरात सांगलीचे सासू-सासरे धरून सात माणसं आहेत.

शेवटी सेक्रेटरींनी उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक उघडलं. हे पुस्तक मला ग्रंथ म्हणून आवडतं. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा न वापरा. तळमजला दरवर्षी यावर निषेध नोंदवतो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर. आणि जागेपेक्षा गाड्या जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या. एकाच पुस्तकात समता, वापर, ऐपत आणि नशीब! ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात भरपूर सभा सोसल्या असणार.

चिठ्ठ्या वॉचमनच्या मुलीने काढल्या. मला नाही, १०१ ना नाही, ४०२ ना नाही. नववी चिठ्ठी २०४ ची निघाली. त्यांची गाडी मुलगा कॅनडाला गेल्यापासून कव्हरखालीच आहे. बॅटरी मेलेली, दोन टायर बसलेले. तरी जागेवर लावायला तर हवी. म्हणून आम्ही तिघं बिनजागेवाले मागून ढकलत होतो आणि आजोबा स्टिअरिंगवर बसून काच खाली करून सांगत होते, "अहो, नशीब कसलं? माणसाला शेवटी त्याच्या कष्टाचं फळ मिळतंच. जरा जोर लावा, १०१."