‘कोड दिसत होता, मग दोन दिवस कशाला?’ या तक्रारीवर गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की गाडीच्या कॉम्प्युटरने दिलेला बिघाडाचा कोड सरळ पी०३०२ होता, तरी आम्ही गाडी दोन दिवस ठेवली, तपासणीचे वेगळे पैसे लावले, एकच कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलली आणि तीन आठवड्यांत इंजिनची लाइट परत लागली. हे वाचल्यावर तुमचं जॉब कार्ड आणि त्या दिवशीचे फोटो काढून बसलो. दोन दिवसांच्या बाबतीत मी माझ्या गॅरेजमधल्या पोरांच्या बाजूने आहे. लाइट परत लागली त्या बाबतीत तुमच्या.

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. कॉम्प्युटरला हे कळतं क्रँकच्या, म्हणजे सिलिंडर ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, वेगावरून. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक अर्धा फेरा फिरला की पुढच्याची पाळी येते, आणि ज्याच्या पाळीला क्रँक किंचित मंदावतो त्याच्या नावावर खूण पडते. शाळेतली हजेरीच म्हणा. दोन नंबर गैरहजर, एवढं कळतं. ताप होता की दांडी मारली, ते वहीत नसतं. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, रिंग, काहीही.

त्यात गाडी आमच्याकडे आली तेव्हा कोड नव्हताच. घरच्या ब्लूटूथ स्कॅनरने तुम्ही तो पुसला होता आणि आम्हाला फोनमधला फोटो दाखवलात. कोडसोबत त्या क्षणाचे आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान असं सगळं साठवलेलं असतं. तेही त्याच बटणाने गेलं. (हे खूप जण करतात, एकट्या तुम्हाला बोलत नाही.) गाडी थंड असताना तक्रारीला जागा नव्हती. पहिल्या दिवशी तीन चकरा मारल्या, काही नाही. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडली तेव्हा कुठे स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) हादरायला लागली. दुसऱ्या दिवशी दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरवर बसवली, चारची दोनवर, आणि परत तशीच गरम होईपर्यंत चालवली. कोड आला पी०३०४. म्हणजे दोष कॉइलबरोबर गेला, प्लग आणि इंजेक्टर जागच्या जागी होते. तरी गाडीचं वय बघून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) घेतलं. चारही सिलिंडर ११ ते १२ बारच्या आत. तपासणीचे पैसे या सगळ्याचे होते, स्कॅनर लावून नंबर वाचण्याचे नव्हते.

चारही कॉइल एकदम का बदलल्या नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. बदलल्या असत्या तरी लाइट परत लागली असती असं मला आता वाटतंय, आणि इथेच आमचं चुकलं.

फोटोत दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात तेल दिसतंय. फार नाही, तळाशी काळी चकाकी. काढलेल्या कॉइलचं रबर टोकाला फुगून मऊ पडलंय. पोराने फडक्याने पुसलं, नवी कॉइल बसवली, कार्डावर लिहिलं ‘कॉइल बदलली, ट्रायल ओके’. तेलाचा शब्द नाही. त्या कार्डावर सही माझी आहे. टॅपेट कव्हरची (इंजिनवरच्या झाकणाची) पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांचे सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, मग तेल हळूहळू खाली झिरपतं. रबर तेलात भिजत राहिलं की सैल पडतं, चिरतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जायच्या आधीच बाजूला इंजिनच्या धातूवर उडते. जुनी कॉइल कशाने गेली हे आम्ही विचारलंच नाही; नवी त्याच तेलात नेऊन बसवली. तुम्हाला निदान सांगायला हवं होतं. माफ करा.

या वेळीही तेच असेल असं गाडी न बघता म्हणणार नाही. इनटेकचा एखादा पाइप तडकून हवा ओढत असेल तरी मिसिंग येतं, म्हणून तेही बघू. तपासणीचे आणि मजुरीचे पैसे घेणार नाही. कॉइल तेलाने खराब झाली असेल तर ती आमच्याकडून. पॅकिंग आणि सीलची किंमत तेवढी तुमची, कारण ती कधीतरी बदलावी लागणारच होती.

तोपर्यंत लाइट नुसती लागलेली असेल तर गाडी सावकाश चालवत आणा. लुकलुकत असेल तर चालवूच नका, टो करून आणा. मिसिंग जोरात असलं की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मग कॉइलचा खर्च किरकोळ वाटेल.

आणि या वेळी कोड पुसू नका. आदल्या दिवशी फोन केलात तर पॅकिंग आणि सील मागवून ठेवतो, म्हणजे गाडी रात्रभर राहणार नाही.