कोणी फोल्डच करत नसेल, तर मोठी बेट कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा चिडलो, दुसऱ्यांदा लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंय. त्यावर येतोच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: पोकरच्या छोट्या स्टेक्सच्या (थोड्या पैशांच्या) नो-लिमिट टेबलवर, म्हणजे जिथे बेटला वरची मर्यादा नसते तिथे, आक्रमक खेळा, बेट मोठ्या लावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तिथे कोणी फोल्डच करत नाही (पानं टाकून देत नाही), मग आक्रमकता दाखवायची कोणाला? मोठी बेट लावली की हलके हात पळतात आणि आपल्याहून वरचढ तेवढे उरतात. त्यापेक्षा पॉटच्या (मधे जमलेल्या रकमेच्या) एक तृतीयांश लावावी, सॉल्व्हरही (योग्य खेळ काढून देणारं सॉफ्टवेअर) तेच सांगतो.

अहो, पण कोणी फोल्ड करत नाही आणि हलके हात पळतात, या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील?

तुम्ही नावं ठेवलेला तोच हात घेऊ. ब्लाइंड (दोघांनी आधीच भरायची सक्तीची रक्कम) १-२, सगळ्यांकडे २०० चिप्स. दोघे लिंप करून (फक्त २ भरून) आत आले, बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळायच्या जागेवरून) मी किलवरच्या एक्का-राणीवर १० चा रेझ केला (रक्कम वाढवली), दोघांनी कॉल केला (तेवढेच भरले). ब्लाइंडचे ३ धरून पॉट ३३. फ्लॉपवर (मधे उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत) बदाम राणी, बदाम अठ्ठी, चौकट चव्वी. दोघांचा चेक, म्हणजे काहीच लावलं नाही. मी २५ लावले, तुमच्या मते ११ पुरे होते.

११ लावले तर पहिल्याला कॉल परवडायला जिंकायची २० टक्के शक्यता हवी. त्याने कॉल केला की दुसऱ्याला १७ टक्केच पुरतात. हातात दोन बदाम असणाऱ्याला न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत, म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश (पाचही पानं बदाम) लागायची शक्यता १९ टक्के. थोडक्यात, मी त्याला रास्त भावात तिकीट काढून दिलं. २५ लावले तर पहिल्याला ३० टक्के लागतात, दुसऱ्याला २३. तरी तो कॉल करणारच! रिव्हरपर्यंत (शेवटच्या, पाचव्या पानापर्यंत) धरून ३५ टक्के होतात हे मान्य, पण टर्नवर (चौथ्या पानावर) त्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

आणि फक्त ड्रॉचं (अजून पूर्ण न झालेल्या हाताचं) काय घेऊन बसलात? राणी-गुलामवाला, एक्का-अठ्ठीवाला, हे कुठे पळतात? एकानेच कॉल केला असं धरा. माझ्या पद्धतीने पॉट ८३ होतो, टर्नवर ६० लावले की २०३, आणि रिव्हरला उरलेले १०५ म्हणजे जेमतेम अर्धा पॉट. तुमच्या पद्धतीने ११, मग १८, मग ३०. फ्लॉपपासून मी १९० आत ढकलू शकतो, तुम्ही ५९. पॉट गुणाकाराने वाढतो, त्यामुळे फ्लॉपवर केलेला कंजूषपणा रिव्हरला भरून निघत नाही. अर्थात टर्नवर तिसरं बदाम पडलं तर मीही हात आखडता घेतो.

सॉल्व्हरबद्दल. तो जी छोटी बेट सुचवतो ती एक्का-सत्ती-दुर्रीसारख्या कोरड्या फ्लॉपवर, समोर एकच जण असताना, आणि तोही नेमका तितकाच फोल्ड करणारा. आपल्या टेबलवर फ्लॉपला तिघे-चौघे असतात आणि त्यातला एक मोबाईल बघत असतो. कोरड्या फ्लॉपवर एकासमोर मीही छोटीच लावतो.

आता तुम्ही पकडलेली चूक. 'सतत दबाव ठेवा' हे वाक्य मी सैल लिहिलं. अर्ध्या पॉटचा ब्लफ (कमकुवत हातावर, समोरच्याने फोल्ड करावं म्हणून लावलेली बेट) तीनात एकदा चालला तरच बरोबरी होते, पूर्ण पॉटचा दोनात एकदा. पाचात एकदा फोल्ड करणाऱ्यासमोर दोन्ही तोट्याचे. मी स्वतः एकदा चुकलेल्या स्ट्रेट (ओळीने पाच पानं) ड्रॉवर तिन्ही वेळा गोळ्या झाडल्या, म्हणजे बेट लावल्या. रिव्हरला समोरचा बराच वेळ विचारात पडला, "बघू तरी काय आहे" म्हणाला आणि चिप्स पुढे सरकवल्या. त्याच्याकडे सगळ्यात लहान पानाची जोडी होती. चूक त्याची नव्हती. तो 'बघू तरी' वाला आहे हे मला तासाभरापासून माहीत होतं, त्याच्यासमोर ब्लफ करायलाच नको होता.

म्हणजे मला म्हणायचं होतं ते हे: असल्या टेबलवर चांगल्या हाताची बेट वाढवा आणि ब्लफ जवळजवळ बंद करा. मोठी बेट म्हणजे मोठा हात हे कोणी ओळखेल, ही तुमची भीती तत्त्वतः खरी आहे; पण ओळखायला कोणी बघत असावं लागतं. बघणारा एखादा असलाच तर त्याच्यापुरती आकाराची सरमिसळ करतो.

आणि हो, दिवसभर नुसता कॉल करणारा टर्नवर अचानक रेझ करतो तेव्हा? माझी एक्का-राणी मी निमूटपणे टाकून देतो. मूळ लेखात हे राहून गेलं होतं. ते आणि 'सतत दबाव'वालं वाक्य, दोन्ही आज रात्री दुरुस्त करतो.