वाकड्याची लांबी आणि आईचा दोरा

मे महिन्यातली नागपूरची दुपार कूलरसमोर आडवं पडण्यासाठीच असते, पण पुतण्याचा एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा दुसरा पेपर, बॅक राहिलेला आणि वहिनीनं त्याला वही-पेनासकट माझ्याकडे पाठवून दिला, कारण मला एकेकाळी मॅथ्समध्ये चांगले मार्क होते ही गोष्ट दर लग्नात मीच चार जणांना धरून सांगतो. भोगा आता.

चॅप्टरचं नाव रेक्टिफिकेशन, म्हणजे वाकड्या रेघेची लांबी काढायची. देकार्तसारखा मोठा फ्रेंच गणिती १६३७ मध्ये लिहून गेला की सरळ आणि वाकड्या रेघेचं गुणोत्तर माणसाला काही कळायचं नाही. आणि त्याच वर्षी जन्मलेल्या विल्यम नील नावाच्या पोट्ट्यानं १६५७ मध्ये एका कर्व्हची लांबी काढून दाखवली. हे मी पुतण्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर तो म्हणे, "काका, म्हणजे या नीलमुळं हे आमच्या सिलॅबसला आलं का?"

गणित होतं अ‍ॅस्ट्रॉइडचं. एक्स बरोबर ए कॉस क्यूब टी, वाय बरोबर ए साइन क्यूब टी. चार टोकांची चांदणी, बाजू आत दबलेल्या, गादीवर कोणी बसून उठल्यासारख्या. रीत तशी सोपी आहे, टी जरासा सरकला की एक्स थोडा सरकतो, वाय थोडा सरकतो, त्या दोघांवर पायथागोरस लावायचा, वर्गमूळ घ्यायचं आणि असे सगळे बारीक तुकडे इंटिग्रेट करायचे, म्हणजे बेरजेत जोडायचे. गोची होते ती त्या वर्गमुळापाशी. साधा लंबगोल घ्या ना, त्याचा परीघ नेहमीच्या फंक्शनमध्ये बसतच नाही, रामानुजननं १९१४ मध्ये त्याच्यासाठी जवळपास उत्तर देणारी सूत्रं दिली, ती भारी आहेत पण आहेत जवळपासचीच. म्हणून पुस्तकवाले निवडून निवडून असेच कर्व्ह देतात जिथं रूट सुटतं, आणि मग पोरांना वाटते जगात सगळंच सुटते.

आमचंही सुटलं. डेरिव्हेटिव्ह घेतले, वर्ग केले, साइन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर एक झाले, रूटमधून तीन ए साइन टी कॉस टी असं गुळगुळीत बाहेर आलं. मी रुबाबात झिरो ते टू पाय, म्हणजे चांदणीचा पूर्ण फेरा, अशी लिमिट टाकली. उत्तर आलं शून्य.

परत केलं. परत शून्य. पुतण्या चांदणीकडे पाहे, मग माझ्याकडे पाहे.

"काका, एवढी मोठी चांदणी आणि लांबी झिरो काऊन येऊन राहिली?" मग माझीच कीव आल्यासारखा म्हणे, "असू शकते म्हणा, नागपुरात झिरो माइल हाय ना."

कूलर चालू असून मला घाम फुटला. तिसऱ्या वेळी पेटलं डोक्यात. वर्गाचं वर्गमूळ कधी ऋण नसते, तिथं मॉड्युलस, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकलेली किंमत, पाहिजे होता. साइन-कॉसचा गुणाकार दुसऱ्या आणि चौथ्या पावात ऋण होतो, म्हणजे दोन पाव चालत गेलो आणि दोन पाव उलट्या पावली परत आलो, असा हिशेब झाला. एकच पाव घ्यायचा, झिरो ते पाय बाय टू, त्याचे येतात तीन ए बाय टू, त्याला चारनं गुणा. सहा ए.

पण पुतण्याचा आता माझ्यावरचा विश्वास उडाला होता. "खरंच सहा ए का, की तुम्ही पुस्तकामागं पाह्यलं?"

तेव्हा मला शिडी आठवली. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या बदलताना भिंतीला टेकवलेली आमची शिडी टाइल्सवरून घसरली होती, आणि तिच्यासोबत मीही. घसरणारी शिडी ज्या वाकड्या रेघेला शिवत शिवत खाली येते तोच अ‍ॅस्ट्रॉइडचा एक पाव. मी तर तो अंगावर काढलेला. ग्राफपेपर घेतला, दहा सेंटीमीटरची पट्टी, तीच आपली शिडी आणि तिची लांबी म्हणजेच ए, एक टोक उभ्या रेघेवर, दुसरं आडव्यावर, सरकवत सरकवत रेघा मारत गेलो, चारही बाजूंनी, आणि रेघांच्या गर्दीतून चांदणी आपोआप वर आली.

आई चहा घेऊन आली. "रांगोळी काढून राह्यले का रे?"

"लांबी मोजायची आहे आई, शिलाई मशीनचा दोरा दे."

चांदणीवर दोरा पुतण्यानं बसवला, जिभेचं टोक बाहेर काढून, कोपऱ्याकोपऱ्यावर बोट दाबत. कापला. पट्टीवर धरला. यायला पाहिजे होते साठ, आले साडेअठ्ठावन. पुतण्या गालात हसला.

"किती पाहिजे होतं?" आईनं विचारलं.

"साठ."

आईनं दोऱ्याची दोन्ही टोकं चिमटीत धरली, एकदा कचकन ताणली, आणि पट्टीवर ठेवून म्हणाली, "घे, झाले साठ. चहा निवून राह्यला."