गॅरेजमधलं बंदुकीचं दुकान आणि रंकाळ्यावरचे पाच शहाणे

काल संध्याकाळी रंकाळ्यावर नेहमीची मंडळी जमलेली, त्यात विन्या अमेरिकेतनं, डॅलसहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय म्हणून चहाच्या दोन राऊंड जास्त. विषय निघाला कुठनं म्हणाल तर सम्या त्याच्या नव्या धंद्याचं सांगत होता, घरबसल्या मसाले विकायचे वगैरे, त्यावर विन्या सहज बोलून गेला की माझा पलीकडचा शेजारी घरातनं बंदुका विकतो. आर्मीतनं रिटायर झालेला माणूस, गॅरेजमध्ये एक जाडजूड तिजोरी, एक टेबल, एक कॉम्प्युटर, झालं दुकान. आणि चोरून नाही, सरकारी लायसन्स घेऊन.

सम्या उडालाच. "म्हणजे आपल्याकडं बायका घरात साड्या विकतात तसं?"

"तसंच की. फक्त साडी देताना गिऱ्हाइकाचं पोलीस रेकॉर्ड बघायला लागत नाही."

मग काय, सम्याच्या डोक्यात लगेच आकडेमोड. लायसन्सला किती? विन्या म्हणाला साध्या डीलरचं लायसन्स तीन वर्षांना २०० डॉलर, पुढं रिन्यूला ९०. सम्या म्हणे सतरा-अठरा हजार रुपये, एवढ्यात तर आमच्या गल्लीत हॉटेलचे कागद पण होत नाहीत, आणि तिकडं बंदुकीचं दुकान! इर्फान वकील आहे, तो आधी गप्प ऐकत होता, मग म्हणाला फी सोड, देतंय कोण आणि बघून काय देतंय ते सांग.

देणारं खातं म्हणजे एटीएफ. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं सगळं एकाच ताटात वाढून घेतलेलं केंद्राचं खातं. (यावर कट्ट्यावर जे जोक झाले ते इथं लिहीत नाही.) वय २१ पूर्ण पाहिजे, फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे, फोटो, अर्जाची एक प्रत गावच्या पोलीस प्रमुखाला पाठवायची. परवानगी मागायला नाही हं, नुसतं कळवायला. मग त्यांचा इन्स्पेक्टर घरी येतो, बसतो, विचारतो माल कुठं ठेवणार, दुकानाची वेळ काय, गिऱ्हाईक कुठनं येणार. कागद नीट असतील तर ६० दिवसांत हो का नाही ते कळवायचं असं कायद्यातच लिहिलंय.

इथं बापूकाका सरसावले. काका कलेक्टर कचेरीतनं रिटायर झालेत, बरीच वर्षं हत्यार परवान्याच्या टेबलावर होते, त्यामुळं हा विषय म्हणजे त्यांचा प्रांत. "६० दिवस? आमच्याकडं पोलीस रिपोर्टची फाईल एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर जायला..." असं म्हणून काका हसले आणि पुढचं बोललेच नाहीत.

पण खरा मुद्दा काकांनीच काढला. ते म्हणाले, अरे विन्या, तुझ्या त्या शेजाऱ्याकडं जो बंदूक घ्यायला येतो त्याचा परवाना कुठाय? विन्या म्हणाला त्याला लागतच नाही काका. काही राज्यांत लागतो, इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायचं कार्ड काढायला लागतं, पण टेक्सासमध्ये नाही. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, म्हणजे उलटंच आहे रे सगळं. आपल्याकडं परवाना घेणाऱ्याचा. तुला का पाहिजे, जिवाला धोका काय, शेत राखायचंय का, गुन्हा आहे का, सगळी छाननी त्याची, आणि दुकानदारानं परवाना बघूनच माल द्यायचा. एवढं करून इलेक्शन लागलं की बहुतेकांना हत्यार पोलीस स्टेशनात जमा करायला लागतं, आणि २०१९ पासनं तर माणशी तीनाऐवजी दोनच हत्यारं. तिकडं घेणारा मोकळा आणि विकणाऱ्याच्या गळ्यात दोर.

मला हे फार पटलं. आपण बातम्या बघून समजतो की तिकडं काही नियमच नाहीत, पण नियम आहेत, ते सगळे एका माणसाच्या टेबलावर आणून ठेवलेत एवढंच. तो माणूस मॉलमधला असो नाहीतर गॅरेजमधला. गिऱ्हाईक आलं की ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा, ओळखपत्र बघायचं, मग ह्याला बंदूक द्यायला बंदी आहे का ते एफबीआयच्या सिस्टीमला विचारायचं. ही १९९८ पासनं आहे. उत्तर तीनच, दे, थांब किंवा देऊ नको.

इर्फाननं लगेच पकडलं. "थांब म्हणजे किती थांब?"

"तीन कामाचे दिवस. त्यात उत्तर नाही आलं तर डीलरला देता येते. दिलीच पाहिजे असं नाही, पण देता येते."

हे इर्फानला ठाऊक होतं, त्यानं मुद्दाम विचारलेलं. २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली त्या पोराला पिस्तूल असंच मिळालेलं, उत्तर थांब आलं, दिवस उलटले, दुकानानं दिलं, आणि नंतर कळलं की रेकॉर्ड नीट सापडलं असतं तर नकारच आला असता. इर्फान म्हणाला, दुकानात हे होतं तर गॅरेजमध्ये काय होत असेल? तिथं बघायला आहे कोण? त्याचं म्हणणं सरळ होतं, घरातनं असला धंदा बंदच पाहिजे.

विन्या चिडला थोडा. म्हणाला तू नेमकं दुकानाचंच उदाहरण देतोयस भावा. आणि दुसरं, माझा शेजारी लायसन्सवाला आहे म्हणून तरी तो फॉर्म भरून घेतो, टेक्साससारख्या राज्यात एका साध्या माणसानं त्याच राज्यातल्या दुसऱ्याला स्वतःची जुनी बंदूक विकली तर कुणी काहीच तपासत नाही, कायद्यानंच लागत नाही. मग लायसन्सवाले कमी करून तुला काय मिळालं?

यावर इर्फानकडं पण उत्तर होतं. त्यानं इतिहास काढला. १९३८ च्या कायद्यात डीलरचं लायसन्स एक डॉलरला मिळायचं, अक्षरशः एक. केनेडींना मारणाऱ्या ओस्वाल्डनं १९६३ ला रायफल टपालानं मागवली, खोट्या नावानं, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग गेले, रॉबर्ट केनेडी गेले, तेव्हा कुठं मोठा कायदा आला आणि टपालानं थेट घरी बंदूक येणं बंद झालं. तरी फी किती, तर वर्षाला दहा डॉलर. मग लोकांनी काय केलं, धंदा करायचा नाही पण आपल्याला होलसेल भावात मिळेल म्हणून लायसन्स काढून ठेवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे डीलर म्हणतात तिकडं त्यांना. १९९३ च्या सुमाराला अडीच लाखांच्या वर लायसन्स होती. मग फी वाढवली, ठसे-फोटो आले, स्थानिक नियम पाळतो असं लिहून द्यायची अट आली, आणि नव्वदचं दशक संपेस्तोवर आकडा लाखाच्या आसपास आला. "म्हणजे निम्म्याच्या वर लोकांना धंदा करायचाच नव्हता की!" इर्फान म्हणाला. हे मात्र विन्यालाही मान्य करायला लागलं.

सम्याला ह्या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला गिऱ्हाईक कुठनं येतं ते पाहिजे होतं. तर ते असं की ऑनलाइन बंदूक घेतली तरी ती लायसन्सवाल्याकडंच येते, तिथं जाऊन फॉर्म भरून घ्यायची. शेजारी ह्या नुसत्या हातबदलीचे पंचवीस-तीस डॉलर घेतो. शोकेस नाही, भाडं नाही. सम्या म्हणाला अरे हे तर कुरिअरचं पार्सल सांभाळायचं काम झालं. विन्या म्हणाला हो, फक्त पार्सल चोरीला गेलं तर ४८ तासांत सरकारला कळवायला लागतं आणि वर्षातनं एकदा इन्स्पेक्टर वॉरंट नसताना येऊन आलेल्या-गेलेल्या हत्यारांची वही बघू शकतो.

"मग तू का नाही काढत?"

विन्या असा काही हसला. एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आहे तो, त्यावर बंदूक बाळगायलाच बंदी, शिकारीचं लायसन्स काढलं तर सूट आहे म्हणे, पण स्वतःचा धंदा कुठला करणार तिथं. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी येतो हे कट्ट्यावर सगळ्यांना माहितीये, म्हणून तो विषय वाढवला नाही.

त्यात गंमत अशी की एटीएफपेक्षा शेजाऱ्याला जास्त घाम गाळायला लागला तो त्याच्या कॉलनीच्या कमिटीपुढं. एटीएफ घराला नाही म्हणत नाही, पण शहराचा झोनिंगचा नियम घरगुती धंद्याला हो म्हणतो का ते बघतं. भाड्याचं घर असेल तर मालकाचं काय, ते वेगळंच. आणि कमिटीच्या नियमात दारावर गाड्या लागायच्या नाहीत, पाटी लावायची नाही. शेवटी फोन करून वेळ घेतल्याशिवाय यायचं नाही ह्या बोलीवर मिटलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या सायकलींवरनं तीन मीटिंगा झाल्यात, त्यामुळं मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

काकांना मात्र वहीतच रस. आलेलं हत्यार पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत जमेला, गेलेलं सात दिवसांत नावे, कंपनी, मॉडेल, नंबर, कुणाकडनं आलं, कुणाला गेलं. कुठं गुन्ह्यात बंदूक सापडली की सरकार आधी कारखान्याला विचारतं, तो होलसेलवाल्याचं नाव सांगतो, मग शेवटच्या डीलरला फोन, त्यानं २४ तासांत वही बघून सांगायचं. आणि डीलरनं धंदा बंद केला की सगळे कागद वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला जमा करायचे. तिथं ढिगानं खोकी आहेत, स्कॅनही करतात, पण मालकाच्या नावानं शोधता येईल अशी यादी करायला कायद्यानंच बंदी. काका म्हणाले, म्हणजे अमेरिकेची कचेरी पण पानं उलटूनच चालते म्हणा की. इतका खूश झालेला माणूस मी रिटायरमेंटच्या निरोप समारंभात पण बघितला नव्हता.

"आणि वहीत चूक झाली तर?" काकांनी विचारलं.

"खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ, जुनं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख."

तेवढ्यात टपरीवाला उधारीची वही घेऊन आला. काकांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला, सम्याच्या नावापुढं निळ्या पेनानं घसाघसा गिरवून काळाकुट्ट केलेला एक आकडा होता, तो उजेडात धरून बघितला. "हे कुणी खोडलं?" टपरीवाल्यानं सम्याकडं बघितलं. सम्यानं तळ्याकडं.

"एकशे चाळीस दिसतायत," काका म्हणाले, "काढ."