सहल, विद्यार्थीसंख्या १

नोंदवहीत 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'बघायला' असं लिहिलं, तर टेबलापलीकडच्या भाऊंनी तो शब्द अंगठ्यानं झाकला.

"दखाले तं सगळाच येतस. कारण लिखा."

"संग्रहालयात बघायलाच येतात ना, भाऊ?"

"संशोधन करतस का?"

"नाही."

"साहेबनं पत्र शे?"

"नाही."

"मंग सहल शे."

"अहो, मी एकटाच आहे."

"चालस. सहल एकल्यानी बी ऱ्हास."

(अहिराणीत 'ऱ्हास' म्हणजे 'असते'. मराठीतला अर्थ आत गेल्यावर कळला.) भाऊंनी वळणदार अक्षरात 'सहल, विद्यार्थीसंख्या १' अशी नोंद केली. पुढचा रकाना शिक्षकाच्या सहीचा. तिथेही मीच सही ठोकली. पिशवी बाहेर, चपला बाहेर, मोबाईल बंद. का? तर फ्लॅशमुळे नाणी खराब होतात!

आता धातूला उजेडाचं काही सोयरसुतक नसतं. सोसत नाही ते कागदाला, कापडाला आणि रंगाला. त्यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, म्हणजे आपल्याला खोली अंमळ अंधारीच वाटली पाहिजे. इथे मोडी कागद पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले. खिडकीला पडदा नाही आणि ऊन खानदेशातलं. शिवाय कागदांना लॅमिनेशन! गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. वि. का. राजवाडे असली दप्तरं गोळा करत आयुष्यभर गावोगाव हिंडले, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. वाळवीच्या तोंडून सुटलेला कागद झेरॉक्सच्या दुकानात मरावा, हे काही बरं नव्हे.

भाऊ मागे मागे होतेच. मी एका कपाटापुढून हललो की त्याची ट्यूबलाइट बंद. वीजबिलापोटी का होईना, कागदांचं तेवढं तरी भलं होत होतं.

नाण्यांपाशी मात्र त्यांनी स्वतःहून दिवा लावला.

"दखा, कशा चमकी राह्यनात! चिच आनि मीठ. मी सोता घासेल शेतस."

देवघरातल्या ताम्हनाला चिंच ठीक. जुन्या तांब्यावरचा तपकिरी-हिरवट थर मळ नसतो, ती त्याची कातडी असते. चिंचेच्या आंबटानं ती सोलली जाते आणि आधीच झिजलेली अक्षरं तिच्याबरोबर जातात. त्याहून वाईट मीठ. त्यातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसून राहतं, आणि पावसाळी हवा लागली की फिकट हिरवी भुकटी होऊन बाहेर येतं. मग ते नाणं आतून पोखरत जातं. खरं तर हवाबंद डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत, एवढ्यावर भागतं. निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायच्या. साफ करायचं तर मऊ, कोरड्या ब्रशनं. फारुकी सुलतान खानदेशावर १३८२ ते १६०१ राहिले, मग मोगल आले. नाणं कोणाचं हे अक्षरांवरून ठरतं. इथलं लेबल: 'जुनी नाणी'. आता ते बरोबरच म्हणायचं.

"छान चमकतात," मी म्हणालो. भाऊ खूश. मला माझाच राग आला.

पुढच्या कपाटात 'खापरे (प्राचीन)'. सापडली कुठे? शेतात, नदीकाठी, किती खोल? कोणी दिली? काहीच नाही. तापीकाठच्या सावळद्यावरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव पडलं ते असल्याच खापरांमुळे. पण खापराचा पत्ता हरवला की ते फुटलेलं मडकं. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे गावी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, म्हणून आपल्याकडे कधीकाळी शहामृग होते असं म्हणता येतं. तेच तुकडे 'कवच (जुने)' असं लिहून ठेवले असते, तर कोंबडीवर भागलं असतं.

क्रमांक मात्र प्रत्येक वस्तूवर होता. गणपतीच्या कपाळावर लाल ऑइलपेंटनं ४७. रीत अशी की क्रमांक बुडाशी किंवा पाठीवर, दिसणार नाही असा घालायचा. आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्या पारदर्शक राळेचा बोटभर जागेत पातळ थर, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनं बारीक आकडा, वर पुन्हा तोच थर. उद्या आकडा चुकला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं सगळं पुसता येतं. हा ४७ आता गणपतीबरोबर विसर्जनालाच जाणार.

निघताना भाऊंनी वही पुढे सरकवली. अभिप्राय! मी मोठ्या आवेशानं 'चिंच' एवढं लिहिलं, तोच अंगठा परत आला.

"तुम्ही नही. सहलना अभिप्राय शिक्षक देस."

पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि शिक्षक झालो. लिहिलं, 'विद्यार्थ्यानं त्रास दिला नाही.'

भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला.